विस्तारित उत्पादक जबाबदारी (ऑनलाइन विक्री आणि नागपूर)

विस्तारित उत्पादक जबाबदारी म्हणजे माल विकल्यावर आणि वापरून झाल्यावर त्याचा किंवा त्याच्या वेष्टनाचा जो कचरा उरतो, तो गोळा करून मार्गी लावण्याचा भार उत्पादकावर टाकणारे धोरण. १९९० मध्ये स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट यांनी ही कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये जर्मनीने ती वेष्टनांसाठी कायद्यात आणली. तोवर हा खर्च नगरपालिकेचा, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्याचा, असेच सगळे धरून चालत.

भारतात हे तत्त्व २०११ च्या प्लास्टिक आणि ई-कचरा नियमांतून आले. मात्र त्याला आकड्यांची धार आली ती १६ फेब्रुवारी २०२२ च्या प्लास्टिक वेष्टनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी. उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर आपल्या प्लास्टिक वेष्टनाच्या वजनापैकी किती कचऱ्याची जबाबदारी उचलायची याचे २०२१-२२ साठी २५, पुढच्या वर्षी ७० आणि २०२३-२४ पासून १०० टक्के उद्दिष्ट आले. ब्रँडमालकांच्या व्याख्येत ऑनलाइन विक्रीमंच आणि सुपरमार्केट साखळ्याही घातल्या गेल्या. एक-दोन राज्यांपुरता धंदा असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि त्याहून अधिक राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

नागपुरात धरमपेठेतल्या घरी आलेले एखादे पार्सल उघडले की ही विभागणी डोळ्यांसमोर येते. वरची करड्या रंगाची पिशवी मंचाच्या नावाची, म्हणून ती मंचाच्या खात्यात. आतली शांपूची बाटली शांपू कंपनीच्या खात्यात. त्याच पार्सलात महाल भागातल्या एखाद्या छोट्या कारखान्याची संत्राबर्फी असेल, तर तिच्या ट्रेचा हिशेब बर्फीवाल्याकडे मागितला जात नाही, कारण सूक्ष्म आणि लघुउद्योग ब्रँडमालकांच्या यादीत धरलेले नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची मर्यादा २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल अशी आहे. तेव्हा मंचावर बसलेले बहुतेक नागपुरी दुकानदार यातून सुटतात. त्यांच्या वेष्टनाचा भार ते बनवणाऱ्यावर जातो. तोही लघुउद्योग असेल तर २०२४ च्या दुरुस्तीनुसार कच्चे प्लास्टिक पुरवणाऱ्यापर्यंत. कागदावर साखळी तुटत नाही, हे खरे.

प्रत्यक्षात मात्र पार्सलाचा खोका कबाडीवाला खुशीने किलोवर घेतो. चिकटपट्टी आणि पत्त्याचे लेबल चिकटलेली पिशवी तो हातात धरून परत ठेवतो. तिला भाव नाही. ती मनपाच्या कचरागाडीतून भांडेवाडीच्या कचराडेपोला जाते. तरीही कंपनीचे उद्दिष्ट पूर्ण होऊ शकते, कारण हिशेब वजनाचा आणि प्लास्टिकच्या प्रकाराचा आहे, गावाचा नाही. पुनर्चक्रण करणारा कारखाना जेवढे टन प्रक्रिया दाखवतो तेवढी प्रमाणपत्रे तयार होतात आणि कंपन्या ती विकत घेतात. धरमपेठेतली पिशवी भांडेवाडीत पडून राहिली आणि दुसऱ्या राज्यातली त्याच प्रकारची पिशवी वितळवली, तरी जमाखर्च जुळतो. या पद्धतीचा खरा कमकुवतपणा इथेच आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत काही कारखान्यांनी लाखो बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे उघड झाले. उद्दिष्ट चुकले तर पर्यावरणीय भरपाई बसते, पण भरपाई भरली म्हणून जबाबदारी फिटत नाही. राहिलेले वजन ३ वर्षांपर्यंत पुढे ओढले जाते.

ब्रँडच नसलेल्या प्लास्टिकपुढे तर हे सगळे हात टेकते. नागपुरातली खर्र्याची पन्नी घ्या: पानठेल्यावर पातळ पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून तीच पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. तंबाखूसाठी प्लास्टिकची पुडी वापरायला २०१६ च्या नियमांनीच मनाई आहे. पण पन्नीवर कुणाचे नाव नाही, तेव्हा वसुली कुणाकडून करणार?

विजेच्या वस्तूंचे नियम निराळे आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात. माल दुकानातून विकला की संकेतस्थळावरून, याने फरक पडत नाही. आयात करणारा किंवा स्वतःच्या ब्रँडखाली विकणारा तो उत्पादक. सीताबर्डीत विकला जाणारा चार्जर आणि मोबाइलवर मागवलेला चार्जर या नियमापुढे सारखेच. जर्मनीने आणखी एक पाऊल टाकले: जुलै २०२२ पासून ज्या विक्रेत्याकडे वेष्टनाचा नोंदणी क्रमांक नाही, त्याचा माल तिथल्या मंचाला विक्रीला ठेवताच येत नाही.