आपद्ग्रस्त देशांसाठी मदतीचे आवाहन

भूकंप, चक्रीवादळ, महापूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीने होरपळलेल्या देशाला इतर देशांच्या सरकारांनी पैसा, सामान व मनुष्यबळ द्यावे, यासाठी केलेली जाहीर मागणी. ती संकटात सापडलेले सरकार करते, संयुक्त राष्ट्रे करतात आणि देणाऱ्या देशांतले नागरिकही स्वतःच्या सरकारकडे करतात. या तिसऱ्या मागणीची दखल कमी घेतली जाते, पण सरकारांची मूठ सैल होते ती बरेचदा तिच्यामुळेच.

संयुक्त राष्ट्रांच्या आजच्या पद्धतीचा पाया १९९१ च्या ४६/१८२ क्रमांकाच्या ठरावात आहे. मदत आपद्ग्रस्त देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्याने केलेल्या आवाहनावरून द्यावी, असे हा ठराव सांगतो. आपत्तीनंतर थोड्याच दिवसांत पाणी, निवारा, औषधे, अन्न यांची गरज व खर्च मांडून तातडीचे आवाहन काढले जाते. मात्र त्याप्रमाणे पैसे देण्याचे बंधन कोणत्याही सरकारवर नसते. म्हणूनच लोकांचा रेटा लागतो.

हा रेटा सर्वांत ठळक दिसला तो हिंदी महासागरातील त्सुनामीनंतर. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळच्या भूकंपाने उसळलेल्या लाटांनी सुमारे २ लाख २७ हजार माणसे गेली. सर्वाधिक इंडोनेशियाच्या आचे प्रांतात. दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य प्रमुख यान एगेलंड यांनी श्रीमंत देश परदेशी मदतीत हात आखडता घेतात, असे स्पष्ट बोलून दाखवले. वॉशिंग्टनमध्ये ते झोंबले. अमेरिकेची मदत आधी दीड कोटी, मग साडेतीन कोटी डॉलर होती. वर्ष संपण्याआधी ती ३५ कोटींवर गेली. ब्रिटनमध्ये सरकारने प्रथम दीड कोटी पौंड जाहीर केले होते. लोकांनी स्वतःच्या खिशातून दिलेला निधी त्याच्या पुढे धावू लागला, तेव्हा सरकारला आकडा पाच कोटींवर न्यावा लागला. ६ जानेवारी २००५ रोजी जकार्ता येथे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी सहा महिन्यांसाठी ९७.७ कोटी डॉलर मागितले.

पण गरज मोठी म्हणून मदत मोठी, असे होत नाही, ही या व्यवस्थेतली खरी वेदना आहे. त्याच २००४ मध्ये बांगलादेशात पुराने कोट्यवधी लोकांचे जगणे विस्कटले. त्सुनामीच्या मदतकार्याचे पुढे संयुक्त मूल्यमापन झाले, तेव्हा त्सुनामीग्रस्तामागे ७ हजार डॉलरहून अधिक आणि बांगलादेशातील पूरग्रस्तामागे अवघे ३ डॉलर असा हिशेब निघाला. त्सुनामीची दृश्ये जगभर घरोघरी दिसली. पुराचे पाणी मात्र हळूहळू चढत राहिले. बातमी ओसरली तरी पैसा हाताशी असावा, यासाठी मार्च २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मध्यवर्ती आपत्कालीन प्रतिसाद निधी सुरू झाला. त्यातही सरकारांचे योगदान ऐच्छिकच आहे.

भारत या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना राहिला आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २००१ च्या भुज भूकंपानंतर परदेशी मदत स्वीकारली गेली; किल्लारीच्या पुनर्वसनाला जागतिक बँकेचे कर्जही मिळाले. २००४ मध्ये मात्र तमिळनाडू आणि अंदमान-निकोबारला त्सुनामीचा तडाखा बसलेला असतानाही भारताने परदेशी सरकारांची मदत नाकारली आणि नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडे धाडली. २०१८ च्या केरळ महापुरात केंद्राने हेच धोरण कायम ठेवले, तेव्हा परदेशी मदत घेऊ द्या, अशी मागणी केरळ सरकारनेच केली.

संमतीची अट किती जीवघेणी ठरू शकते, हे म्यानमारने दाखवले. मे २००८ च्या नर्गिस चक्रीवादळात इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात एक लाखाहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली. भारतीय नौदलाच्या जहाजांनी आणलेली मदत सुरुवातीलाच उतरवून घेतली गेली. पाश्चात्त्य मदत कर्मचाऱ्यांना मात्र लष्करी राजवट व्हिसा देईना. इथे आर्जव देणाऱ्यांना नव्हे, घेणाऱ्या सरकारला करावे लागले. त्यासाठी सरचिटणीस बान की-मून स्वतः गेले, २३ मे रोजी सेनाप्रमुख थान श्वे यांना भेटले, आणि परदेशी मदत कर्मचाऱ्यांना प्रवेशाचे आश्वासन मिळाले. किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या अमेरिकी नौदलाच्या जहाजांना परवानगी मिळालीच नाही. वारंवार विचारणा करून जूनच्या सुरुवातीला ती सामानासह परत फिरली.