छत दिसतं, भिंत दिसत नाही : आपत्तीतल्या स्वयंसेवी नकाशांची पार्श्वभूमी

विदर्भात चक्रीवादळ म्हटलं की लोक टीव्हीकडे बघतात, आभाळाकडे नाही. २६ सप्टेंबर २०२१ ला ‘गुलाब’ आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं तेव्हाही तसंच झालं. वाऱ्याचा जोर ओसरला, पण पाऊस तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यावर सरकत आला. २८ तारखेच्या सकाळी उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून जाणारी एसटी नाल्याच्या पुरात वाहून गेली. त्याच वादळाचे अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, ‘शाहीन’ झाले आणि ओमानला गेले. वादळानंतरच्या मदतीसाठी जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या नकाशे काढायचे, हा प्रकार समुद्रकाठच्या लोकांचा आहे असं आपण समजतो. यवतमाळ-गडचिरोलीलाही त्याच्याशी कर्तव्य आहे.

फार मागे जायची गरज नाही. मद्रासकडून निघालेली त्रिकोणमितीय मोजणी विदर्भापर्यंत पोचली होती. ती चालवणारा इंग्रज अधिकारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. नंतरच्या महसुली मोजणीने गावनकाशे दिले. त्यांत धुरे (शेतांचे बांध) आहेत, पांदणी आहेत, माणसं कधीच सोडून गेलेली रिठी गावंसुद्धा आहेत. कारण नकाशा शेतसाऱ्यासाठी होता. गावापासून दोन-तीन किलोमीटरवरचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, किंवा कोलाम आदिवासींचा पोड त्यात असेलच याची खात्री नाही. बचावपथकाला नेमका तोच लागतो.

सगळ्यांना दुरुस्त करता येईल असा खुला नकाशा, ओपनस्ट्रीटमॅप, २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. आपत्तीत तो किती कामाचा हे १२ जानेवारी २०१० च्या हैती भूकंपाने दाखवलं. पोर्ट-ओ-प्रिन्सचे उपग्रह-फोटो खुले झाले आणि काही दिवसांत शहराचा सर्वांत तपशीलवार रस्ते-नकाशा परदेशात बसलेल्या हौशी लोकांनी काढून दिला. कामाची पद्धत तेव्हापासून साधारण तीच आहे. बाधित भागाचे चौकोन पाडायचे, एकेकाने एकेक चौकोन घ्यायचा, फोटोवर छप्पर दिसेल तिथे चौकट आखायची, रस्ता दिसेल तिथे रेघ. मग दुसऱ्या जाणत्या माणसाने ते तपासायचं. नावं मात्र जागेवरचा माणूसच भरतो, ती फोटोत दिसत नाहीत.

खरी वादाची गोष्ट घडली ती फिलिपाईन्समध्ये. ८ नोव्हेंबर २०१३ ला ‘हैयान’ (तिकडे ‘योलांडा’) पूर्व सामार आणि लेयते बेटांवर आदळलं. टाक्लोबान शहरात समुद्र आत शिरला. सरकारी आकड्यानुसार ६,३०० माणसं गेली. दीड हजारांवर स्वयंसेवक नकाशाच्या कामाला लागले. वादळाआधीच्या फोटोंवरून घरं आणि रस्ते आखण्याचं काम उत्तम झालं, यावर कुणाचं दुमत नाही. पण त्यापुढे जाऊन असं ठरलं की वादळानंतरच्या फोटोत बघून प्रत्येक घराला खूण करायची: हे कोसळलं, हे नुकसानग्रस्त. मदत करणाऱ्या मोठ्या संस्थेची तशी मागणी होती.

मागणी समजण्यासारखी होती. प्रत्यक्ष पाहणीला आठवडे लागतात, ताडपत्र्या तर आज पाठवायच्या असतात. कुठल्या गावात जास्त पडझड आहे याचा अंदाज आला तरी ट्रक कुठे वळवायचा ते ठरतं. विरोधाचं कारणही साधं होतं. हा नकाशा सगळ्यांसाठी खुला असतो आणि आठवड्याभराने मिटत नाही. चुकून ‘शाबूत’ ठरलेल्या घराच्या मालकाने कुणाकडे दाद मागायची? आणि घर पुन्हा उभं राहिलं की जुनी खूण पुसायला कोण येणार?

२०१४ मध्ये जागेवरच्या पाहणीशी या खुणांचा ताळा घेतला गेला तेव्हा तो फारसा जुळला नाही. कारणं तांत्रिकच होती. फोटो थेट वरून घेतलेला, एक ठिपका म्हणजे जेमतेम अर्धा मीटर. ‘कोसळलं’ आणि ‘नुकसान झालं’ यांच्यातली सीमा कुणी नीट आखून दिलेली नव्हती. स्वयंसेवकांना सराव नव्हता. आणि मुख्य म्हणजे वरून छत दिसतं, भिंत दिसत नाही.

शेवटचं कारण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला. पाऊस झाला वर मध्य प्रदेशात, तिकडच्या धरणांतून पाणी सुटलं, गोसेखुर्दची ३३ दारं उघडावी लागली. भंडारा शहर, ब्रह्मपुरी तालुक्यातली नदीकाठची गावं, गडचिरोलीचा काही भाग पाण्यात गेला. अशा पुरात मातीच्या भिंतीचं कवेलूचं घर लगेच पडतंच असं नाही. भिंत तळापासून पाणी पिते, पूर ओसरतो, ऊन पडतं आणि मग दोन-चार दिवसांनी ती बसते. कधी लाकडी खांबांवर आडं तसंच टेकलेलं राहतं, कवेलू जागच्या जागी. उपग्रहातून असं घर धडधाकट दिसतं, आत राहण्यासारखी जागा उरलेली नसते. हैयानच्या फोटोंत वाऱ्याने पत्रे उडालेली घरं निदान डोळ्यांत भरत होती, पुरात तीही सोय नाही.

तलाठी आणि ग्रामसेवक दारात उभं राहून पंचनामा करतात तेव्हासुद्धा ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’ यावरून वाद होतात. अंशतः पडझडीच्या मदतीला पक्क्या किंवा कच्च्या घराचं किमान १५ टक्के नुकसान लागतं. हे १५ टक्के जमिनीवरून मोजताना पंचाईत होते, ते आकाशातून मोजायला लावणं स्वयंसेवकांवर अन्याय होता आणि घरवाल्यांवर त्याहून मोठा. माझ्या मते हैयाननंतरचा सगळ्यांत शहाणा बदल म्हणजे बहुतेक मोहिमांतून ही मागणी मागे पडली. एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात स्वयंसेवकांकडून घरं, रस्ते, पायवाटा, हेलिकॉप्टर उतरेल अशा जागा आणि मोकळ्या मैदानांत पडलेले तंबू आखून घेतले गेले. तंबू वरून दिसतो, तिथे माणसं आहेत हेही कळतं. मार्च २०१९ मध्ये ‘इडाई’ चक्रीवादळ मोझांबिकमध्ये बैराजवळ आलं तेव्हाही मुख्य भर घरं आणि रस्त्यांवरच होता. पुराचं पाणी कुठवर पसरलंय हे सांगायचं काम आता ढगांतून बघू शकणाऱ्या रडार उपग्रहांकडे आहे.

भारतात या कामावर बराच काळ कायद्याची सावली होती. २०१३ मध्ये एका बड्या कंपनीच्या नकाशा-स्पर्धेवरून चौकशी लागली. मे २०१६ च्या विधेयकाच्या मसुद्यात परवान्याशिवाय भौगोलिक माहिती गोळा करण्यावर आणि पसरवण्यावर बंधनं होती, दंड कमाल शंभर कोटींपर्यंत. ते कायद्यात आलं नाही, पण कुठल्या प्राध्यापकाने त्या दिवसांत विद्यार्थ्यांना हे काम करायला बसवलं असतं? १५ फेब्रुवारी २०२१ च्या नव्या धोरणाने देशातल्या लोकांसाठी बरीचशी परवानगीची अट गेली. त्याच सुमारास ड्रोनने गावठाणं मोजली जाऊ लागली. ती मोजणी मालमत्ता पत्रकासाठी आहे, पुरासाठी नाही, आणि गावठाणाबाहेरचे टोले तिथेही काठावरच राहतात.

आता छपरं आखायचं काम संगणकच करू लागला आहे. कोट्यवधी इमारतींच्या तयार चौकटी खुल्या मिळतात. गुरांचा गोठा, कडब्यावर टाकलेला पत्रा आणि राहतं घर यांत त्याची गफलत होते, पण वेग अफाट. त्यामुळे नुकसानीच्या खुणासुद्धा आता यंत्राकडूनच करून घ्या, अशी मागणी पुन्हा डोकं वर काढते आहे. छत आणि भिंतीचा प्रश्न यंत्रालाही तसाच लागू आहे, फरक एवढाच की चूक झाली तर ती एका माणसाच्या चौकोनापुरती राहणार नाही.

जे यंत्राला जमत नाही ते इथल्या माणसांकडे पडून आहे. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदी पुलावर चढली की शंभरावर गावं तुटतात, हे दरवर्षी पेपरात येतं. त्या गावांच्या आतले रपटे (नाल्यावरचे ठेंगणे पूल) कुठले, कुठला आधी बुडतो, नाल्याच्या पलीकडच्या टोल्याचं नाव काय आणि पावसाळ्यात तिथून निघायची दुसरी वाट कोणती, हे कोतवाल, आशाताई आणि पोलीस पाटील सांगू शकतात. उन्हाळ्यात मोबाईल घेऊन त्यांच्यासोबत फिरलं तर यातलं बरंचसं पावसाआधी नकाशावर चढवता येतं. त्यासाठी वादळाची वाट बघावी लागत नाही.