वाळूवरचं सिनेगॉग: कुरासाओच्या 'स्नोआ'ची पार्श्वभूमी

कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटावर, विलेमस्टाडच्या पुंडा भागात पिवळ्या भिंतींचं एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. आत पाऊल टाकलं की ते वाळूत पडतं. डोक्यावर पितळेची मोठी झुंबरं, समोर महोगनीचं जड लाकूडकाम आणि खाली किनाऱ्यावर असावी तशी वाळू. क्रूझमधून उतरलेले पर्यटक आधी खालीच बघत राहतात आणि मग विचारतात, ही वाळू कशासाठी?

मिक्वे इस्राएल-इमॅन्युएल हे या सिनेगॉगचं पूर्ण नाव. बेटावरचे लोक मात्र त्याला 'स्नोआ' म्हणतात. 'एस्नोगा' या पोर्तुगीज शब्दाचं ते झिजलेलं रूप. डच बेटावरच्या प्रार्थनास्थळाला पोर्तुगीज नाव कसं, हे कळायला ज्यू या बेटावर आले त्याच्याही दीडेकशे वर्षं मागे जावं लागतं.

१४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं. त्यातले बरेच शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले. तिथे १४९७ मध्ये त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. बाहेरून ख्रिस्ती आणि घरात लपूनछपून ज्यू, अशी दुहेरी आयुष्यं सुरू झाली. १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं. १५६० मध्ये ते गोव्यातही पोचलं. गार्सिया द ओर्ता हा वनस्पतींचा जाणकार वैद्य अशाच धर्मांतरित ज्यू घराण्यातला. तो गोव्यात वारला, पण त्यानंतर त्याची अस्थी उकरून १५८० मध्ये जाळण्यात आली. कुरासाओच्या ज्यूंचे पूर्वज ज्या यंत्रणेपासून पळत होते, ती आपल्या किनाऱ्यावरही होती.

पळालेल्यांपैकी अनेकांना ॲमस्टरडॅममध्ये उघडपणे ज्यू म्हणून जगता आलं. पुढे डचांनी १६३० मध्ये ब्राझीलमधलं रेसिफे जिंकलं, तेव्हा काही जण तिथेही गेले. १६५४ मध्ये पोर्तुगिजांनी ते परत घेतलं आणि पुन्हा गाठोडी बांधावी लागली. तिथले २३ जण आजच्या न्यूयॉर्कमध्ये, तेव्हाच्या न्यू ॲमस्टरडॅममध्ये उतरले. तिथला कारभारी पीटर स्टाइव्हसंट त्यांना ठेवून घ्यायला तयार नव्हता. ॲमस्टरडॅमहून डच वेस्ट इंडिया कंपनीने त्याला कळवलं की त्यांना राहू दे. कंपनीच्या भांडवलात ज्यूंचाही मोठा पैसा होता. कुरासाओचा कारभारही याच कंपनीकडे आणि याच स्टाइव्हसंटकडे. तेव्हा डचांच्या सहिष्णुतेचं कौतुक करताना हा हिशेब लक्षात असलेला बरा.

कुरासाओतली ज्यू मंडळी १६५१ ची. १६५९ मध्ये ॲमस्टरडॅमहून आलेल्या सत्तराहून अधिक जणांनी तोरा या ज्यू धर्मग्रंथाची गुंडाळीही सोबत आणली. शेती करण्याच्या बोलीवर ते आले, पण कोरड्या बेटावर पिकणार काय? बंदर मात्र उत्तम होतं आणि समोरच स्पॅनिश अमेरिकेचा किनारा. पोर्तुगीज-स्पॅनिश बोलणाऱ्या या लोकांनी कोको, तंबाखू, जहाजं यांच्या व्यापारात जम बसवला. आजची इमारत १७३२ मध्ये वल्हांडण या ज्यू सणाच्या वेळी वापरात आली, ॲमस्टरडॅमच्या १६७५ च्या पोर्तुगीज सिनेगॉगचा नमुना समोर ठेवून.

आता वाळू. सगळ्यांना आवडणारी कथा अशी: लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वाळू पसरायचे, त्याची ही आठवण. दुसरं उत्तर इजिप्तमधून सुटल्यावर ज्यूंच्या पूर्वजांनी सीनायच्या वाळवंटात काढलेल्या चाळीस वर्षांचं. तिसरं बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकातलं, ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याला मिळालेलं समुद्रतीरीच्या वाळूइतक्या संततीचं वचन. ॲमस्टरडॅमच्या सिनेगॉगमध्येही जमिनीवर बारीक वाळू असते. तिथे मात्र कारण सरळ सांगतात: बुटांचा चिखल आणि ओल टिपायला, आवाज कमी करायला. मला हे घरगुती कारणच मूळचं वाटतं. आधी सवय आली असेल, अर्थ मागाहून चिकटले असतील. जमैकातल्या किंग्स्टनला, सेंट थॉमसला, सुरिनामच्या पारामारिबोलाही सिनेगॉगमध्ये अशीच वाळू आहे.

या वैभवाला एक काळी बाजू आहे. कुरासाओ हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. आफ्रिकेतून आणलेली माणसं इथून स्पॅनिश वसाहतींना विकली जात. ज्यू कुटुंबांकडेही गुलाम होते. जे स्वतः छळातून सुटले त्यांनीच माणसं विकत घ्यावी, ही गोष्ट झुंबरांच्या उजेडात चटकन दिसत नाही. गुलामी संपली १८६३ मध्ये. बेटावर पापियामेंतू ही मिश्र भाषा घडली. तिच्यातलं जुन्यातलं जुनं टिकलेलं लिखाण म्हणजे एका ज्यू पुरुषाने १७७५ मध्ये आपल्या प्रियेला लिहिलेलं पत्र.

ज्यूंमधल्या सुधारणावाद्यांनी १८६४ मध्ये वेगळी मंडळी काढली, तिच्या मंदिराचं नाव 'इमॅन्युएल'. बरोबर शंभर वर्षांनी दोन्ही मंडळ्या एक झाल्या, म्हणून हे जोडनाव.

स्नोआ पाहून झाल्यावर शहराबाहेरचं 'बेथ हाइम' हे ज्यू कबरस्तानही बघावं. कोरीव संगमरवरी कबरी तिथे शेकड्यांनी आहेत, पण शेजारी विसाव्या शतकात तेलशुद्धीकरण कारखाना आला आणि त्याच्या धुराने दगड खाल्ले. कित्येक कबरींवरची अक्षरं आता बोटांनाही लागत नाहीत. ती वाचायची तर स्नोआच्या आवारातल्या संग्रहालयात परत यावं लागतं. काही शिळांच्या प्रतिकृती तिथे जपून ठेवल्या आहेत.