पितळ-पॉलिश आणि काडतुसाची पुंगळी

“भांड्यांचं पॉलिश लावा, पुंगळी नव्यासारखी होते” हा सल्ला अमेरिकेतल्या रीलोडिंगवाल्यांत, म्हणजे गोळी झाडल्यावर उरलेली काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्यांत, वर्षानुवर्षं फिरतोय. चकाकी येते, हे खरंच. पण अशा काही पॉलिशांत अमोनिया असतो. पुंगळीचं पितळ 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. घडवताना त्यात ताण उरतो आणि अमोनिया लागला की तिथेच बारीक तडे जातात. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं अशीच तडकली होती. कारण? घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया.

त्याऐवजी लिटरभर कोमट पाण्यात लहान चमचाभर सायट्रिक ॲसिड घ्या, रिकाम्या पुंगळ्या 10 मिनिटं बुडवा, नीट धुऊन पूर्ण वाळवा. फार वेळ ठेवल्यास जस्त निघून पितळ गुलाबी पडतं. पुंगळीच्या मानेजवळची (गोळी बसते त्या टोकाची) निळसर छटा मात्र घासत बसू नका; ती कारखान्यात तापवून मऊ केल्याची खूण आहे.