आयआरसी : चॅनेलचा कारभार आणि मधल्या टप्प्यावरच्या आज्ञा

इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी, ही मजकुरातून सामूहिक संभाषण करण्याची जुनी आणि आजही चालू असलेली पद्धत आहे. फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात जार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट 1988 मध्ये तिची सुरुवात केली, आणि मे 1993 मध्ये आरएफसी 1459 या दस्तऐवजात तिचे नियम लिहून काढले गेले. सर्व्हरला जोडून घेणे, निक म्हणजे टोपणनाव निवडणे, चॅनेलमध्ये, म्हणजे गप्पांच्या एका दालनात, शिरणे आणि बोलणे इतके कोणालाही पहिल्याच दिवशी जमते. त्यापुढच्या आज्ञा बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरतात : चॅनेलवर अधिकार कोणाचा, आणि समोरचा माणूस तोच आहे हे ओळखायचे कसे. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत, आधी तिरपी रेघ देऊन टंकायच्या असतात.

या आज्ञा अशाच का आहेत, हे समजायला एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. मूळ आयआरसीच्या सर्व्हरला स्मरणशक्ती जवळपास नाही. अस्तित्वात नसलेल्या चॅनेलमध्ये जो प्रथम शिरतो त्याच्यासाठी ते चॅनेल तयार होते आणि तोच त्याचा ऑपरेटर, बोलीत ‘ऑप’, होतो. शेवटचा माणूस बाहेर पडला की चॅनेल, त्याची विषय-ओळ, त्यावरचे निर्बंध सगळे नाहीसे होते. निकचेही तसेच : जोडणी तुटली की ते नाव पुढच्या माणसाला मोकळे. झालेले बोलणे सर्व्हर साठवत नाही. खाली वर्णन केलेल्या बहुतेक सोयी या विसराळूपणावरचे उपाय आहेत.

मोड

‘/मोड’ ही चॅनेलच्या कारभाराची मुख्य आज्ञा. अधिकचे चिन्ह देऊन गुण लावायचा, वजाचे देऊन काढायचा. ‘ओ’ने एखाद्याला ऑप करता येते, ‘व्ही’ने त्याला व्हॉइस, म्हणजे बोलण्याची मुभा, देता येते. ‘एम’ लावला की ऑप आणि व्हॉइसवाले सोडून बाकीचे केवळ वाचू शकतात. ‘आय’ लावल्यावर ‘/इन्व्हाइट’ने बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, ‘के’ परवलीचा शब्द मागतो, ‘एल’ माणसांची मर्यादा ठरवतो. ‘एस’ लावलेले चॅनेल यादीत दिसत नाही आणि त्यात नसलेल्यांना, माणसाची माहिती दाखवणाऱ्या ‘/हूइज’मध्येही कळत नाही. बहुतेक चॅनेलांवर ‘एन’ आणि ‘टी’ कायम लावलेले असतात. पहिल्याने बाहेरून संदेश टाकणे बंद होते, दुसऱ्याने विषय-ओळ बदलणे ऑपपुरते राहते.

ऑपच्या निकाआधी ‘@’ दिसते, व्हॉइसवाल्याच्या आधी ‘+’. लिबेरा चॅटसारख्या जाळ्यांवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांच्या समूहांवर, चांगले ऑप एरवी हे चिन्ह बाळगतच नाहीत. गरज पडली तेव्हा अधिकार घेतात, काम झाले की सोडून देतात. ‘@’ सतत दिसत राहिले तर वाद घालणाऱ्याला आव्हान मिळते, हा अनुभव या रिवाजामागे आहे. चॅनेल चालवू पाहणाऱ्याने आधी हाच रिवाज शिकावा, बाकीची अक्षरे नंतर पाठ होतात.

बॅन नीट लावणे

नवख्या ऑपचा गोंधळ सर्वाधिक येथे होतो. बॅन, म्हणजे चॅनेलमध्ये येण्यास मनाई, निकावर लागत नाही, मुखवट्यावर लागतो, आणि त्या मुखवट्याचे तीन भाग असतात : निक!युजर@होस्ट. होस्ट म्हणजे माणूस ज्या पत्त्यावरून जोडला आहे तो. ‘*’ म्हणजे काहीही चालेल, ‘?’ म्हणजे कोणतेही एक अक्षर. एखादा माणूस 203.0.113.7 या पत्त्यावरून आला असेल आणि आपण फक्त त्याच्या निकावर बॅन लावला, तर तो दोन सेकंदांत निक बदलून परत येतो. *!*@203.0.113.7 असा बॅन लावला तर नाव काहीही असो, तो पत्ता अडतो. *!*@203.0.113.* लिहिले की 256 पत्ते अडतात, आणि त्यांत एखाद्या महाविद्यालयाची सगळी प्रयोगशाळा असू शकते. पत्ता बदलत राहणाऱ्यासाठी रुंद मुखवटा लागतोच, पण तो लावताना आत बसलेल्यांपैकी आणखी कोण त्यात सापडते हे ‘/हू’ने आधी पाहावे.

क्रमही महत्त्वाचा. आधी बॅन, मग माणसाला बाहेर काढणारी ‘/किक’. उलट केले तर आपोआप परत शिरणारा क्लायंट, म्हणजे आयआरसी वापरण्याचा आपल्या यंत्रावरचा कार्यक्रम, बॅन लागण्याआधीच आत आलेला असतो. लिबेरावर याखेरीज ‘क्यू’ हा सौम्य उपाय आहे : माणूस चॅनेलमध्ये राहतो, वाचतो, फक्त बोलू शकत नाही. रागाच्या भरात आलेल्या चांगल्या सदस्याला बाहेर ढकलण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. एकट्याला त्रास होत असेल तर ‘/इग्नोर’ पुरते. ही आज्ञा आपल्या क्लायंटपुरती असते आणि समोरच्याला तिचा पत्ताही लागत नाही.

बोलण्याचे इतर प्रकार

‘/एमएसजी’ने खासगी संदेश जातो, ‘/क्वेरी’ने त्यासाठी वेगळी खिडकी उघडते. ‘/नोटिस’ दिसायला तसाच संदेश असतो, पण त्याला यंत्राने आपोआप उत्तर द्यायचे नाही असा नियम आहे. दोन बॉट, म्हणजे आपोआप चालणारे कार्यक्रम, एकमेकांच्या उत्तरांना उत्तरे देत बसू नयेत म्हणून ही तजवीज. सीटीसीपी हा संदेशाच्या आत दडवलेला संदेश : त्याच्या दोन्ही टोकांना एक अदृश्य नियंत्रण-चिन्ह असते. समोरच्याचा क्लायंट कोणता, त्याच्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो हे त्यातून कळते. आपली कृती सांगणारी ‘/मी’ हीदेखील सीटीसीपीच. डीसीसीने दोन क्लायंट सर्व्हरला वगळून थेट जोडले जातात आणि फाइली पाठवतात. त्यात आपला पत्ता समोरच्याला कळतो, म्हणून अनोळखी माणसाची डीसीसी विनंती स्वीकारू नये.

‘/हूइज’मध्ये माणसाचा होस्ट, सर्व्हर, किती वेळ गप्प आहे, आणि सोय असेल तिथे तो कोणत्या खात्याने आत आला आहे हे दिसते. यांतली शेवटची ओळ सर्वांत मोलाची, कारण निक कोणीही घेऊ शकतो. नुकत्याच निघून गेलेल्या माणसाची नोंद ‘/हूवॉज’ने थोडा काळ मिळते.

फूट आणि सेवा

आयआरसीचे जाळे अनेक सर्व्हर एकमेकांना जोडून बनते. मधला दुवा तुटला की जाळ्याचे दोन तुकडे होतात. याला नेटस्प्लिट म्हणतात. एकाच चॅनेलची दोन्ही बाजूंना स्वतंत्र प्रत राहते, आणि निम्मे लोक एकदम गेल्याचे पडद्यावर दिसते. पूर्वी याचा फायदा घेऊन चॅनेल बळकावले जात : फुटलेल्या बाजूच्या रिकाम्या चॅनेलमध्ये शिरायचे, ऑप व्हायचे आणि जाळे जुळण्याची वाट पाहायची. त्यावर कालमुद्रेचा उपाय आला. जुळताना दोन्ही प्रतींच्या निर्मितीची वेळ पाहिली जाते, जी जुनी तिचे ऑप राहतात, नव्या बाजूचे अधिकार जातात.

कायमची नोंद ठेवणाऱ्या सेवा ही पुढची पायरी. 1994 मध्ये सुरू झालेल्या डालनेट या जाळ्यामुळे निकसर्व्ह आणि चॅनसर्व्ह यांचा वापर रूढ झाला. निकसर्व्ह निक आणि परवलीचा शब्द सांभाळते, चॅनसर्व्ह चॅनेलचा मालक कोण हे लक्षात ठेवते. एफनेट या जाळ्याने मात्र या सेवा स्वीकारल्या नाहीत. तिथे चॅनेल जागते ठेवण्याचे काम बॉट करतात; रॉबी पॉइंटर यांनी 1993 मध्ये लिहिलेला एगड्रॉप त्यांतला सर्वांत प्रसिद्ध.

सेवा असलेल्या जाळ्यावर आत येतानाच ओळख पटवणारी सास्ल ही पद्धत वापरावी. आत आल्यावर निकसर्व्हला परवलीचा शब्द दिला तर त्याआधीच चॅनेलमध्ये शिरलेले असण्याची शक्यता असते आणि आपला खरा पत्ता सगळ्यांना दिसतो. सास्लने खाते आधी ओळखले जाते आणि पत्त्यावरचा आडपडदा, ज्याला क्लोक म्हणतात, सुरुवातीपासून लागू होतो. जोडणी तुटून आपलाच निक अडकून पडला असेल तर निकसर्व्हची ‘घोस्ट’ आज्ञा त्या मृत जोडणीला काढून टाकते. गैरहजेरीतले बोलणे हवे असेल तर बाउन्सर लागतो : सतत जोडलेला राहणारा आणि आपण परतल्यावर साठवलेला मजकूर हाती देणारा मध्यस्थ कार्यक्रम.

देवनागरी आणि 512 बाइट

एका संदेशाची कमाल लांबी 512 बाइट, शेवटचे दोन ओळ संपल्याच्या खुणेसाठी. उरलेल्या 510 मध्ये पाठवणाऱ्याचा मुखवटा आणि चॅनेलचे नावही बसते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘व्यवस्थापकांची’ या एका शब्दाला 14 चिन्हे, म्हणजे 42 बाइट लागतात. त्यामुळे मराठीतली ओळ रोमनमधल्या ओळीच्या साधारण तिसऱ्या हिश्शात संपते. क्लायंट लांब ओळ स्वतः तोडत नसेल तर शेपूट गळून पडते, क्वचित एखाद्या अक्षराच्या मधोमध. मराठी लिहिणाऱ्याने छोट्या वाक्यांची सवय लावून घ्यावी हे उत्तम. चॅनेलचे नाव अनेक जाळ्यांवर देवनागरीत ठेवता येते; निक मात्र बहुतेक ठिकाणी रोमनच लागतो.

निकांच्या बाबतीत आणखी एक जुनी खूण टिकून आहे. मूळ नियमांत महिरपी कंस हे चौकटी कंसांचे लहान अक्षर (जसे ‘A’चे ‘a’) मानले आहेत, कारण उत्तर युरोपातील जुन्या संकेतप्रणालीत त्या जागी तिथली खास अक्षरे होती.

वापर

विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया ही संस्था आपल्या प्रकल्पांतील ताजे बदल एका स्वतंत्र आयआरसी सर्व्हरवर प्रकल्पवार चॅनेलांत देत आली आहे. तिथे सामान्य वापरकर्त्याला फक्त वाचता येते. भारतात दुर्गापूरच्या लिनक्स गटाने 2008 पासून उन्हाळी प्रशिक्षणाचे वर्ग आयआरसीवर भरवले. वर्ग चालू असताना प्रश्न असणाऱ्याने केवळ ‘!’ टाकायचे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, अशी तिथली शिस्त. कोणताही मोड न लावता मोठ्या वर्गात शांतता राखण्याची ही रीत इतरांनीही उचलावी अशी आहे.

सेवांच्या नोंदी शेवटी जाळे चालवणाऱ्यांच्या हाती असतात, हे मे 2021 मध्ये फ्रीनोड या जाळ्यावर दिसले. मालकीच्या वादातून तिथल्या स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि 19 मे रोजी लिबेरा चॅट सुरू केले. काही दिवसांतच, ज्या चॅनेलांच्या विषय-ओळीत लिबेराचा उल्लेख होता अशी शेकडो चॅनेले फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने आपोआप ताब्यात घेतली. उबुंटू आणि विकिमीडिया यांसारख्या मोठ्या समुदायांनी याच काळात आपली चॅनेले लिबेरावर नव्याने नोंदवली.