बाह्यरुग्ण विभागातील मानसोपचार-प्रशिक्षण, पुणे

चिकित्सा मानसशास्त्राच्या उच्च पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा दवाखान्यात, अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली, रुग्णांसोबत काम करत घेतलेले शिक्षण. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात याला ‘पोस्टिंग’ म्हणतात. इथला रुग्ण भरती झालेला नसतो. तो ठरल्या दिवशी येतो, पाऊण तास बोलतो आणि त्याच घरी, त्याच माणसांत परत जातो. मधल्या आठवड्यात काय घडले ते बहुधा त्याच्याच तोंडून कळते, आणि पुढच्या आठवड्यात तो येईलच असेही नाही. वॉर्डातल्या कामापेक्षा हे काम अवघड वाटते ते यामुळे.

डॉक्टरेट या शब्दाने इथे बराच घोळ होतो. अमेरिकेत लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. पुढे १९४९ च्या बोल्डर परिषदेने संशोधन आणि उपचार या दोन्हींचे शिक्षण पीएच.डी.तच असावे असे ठरवले, आणि १९७३ च्या व्हेल परिषदेने उपचारावर भर देणाऱ्या साय.डी. पदवीला मान्यता दिली. त्यामुळे तिथल्या डॉक्टरेटमध्ये दवाखान्यातले काम आणि वर्षभराची इंटर्नशिप अंतर्भूत असते. भारतात पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. पुण्यात एखाद्याने एकाही रुग्णासमोर न बसता मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवली तर त्यात गैर काही नाही. मात्र तेवढ्यावर त्याने उपचार करणे गैर आहे.

आपल्याकडे रुग्णासमोर बसण्याचे शिक्षण प्रामुख्याने दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून मिळत आले. त्याची सुरुवात १९५५ मध्ये बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पदविकेने झाली. हीच संस्था पुढे निम्हान्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था) झाली. अभ्यासक्रमांना मान्यता आणि व्यावसायिकांची नोंदणी ही कामे १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली, तेव्हा या विषयाला काही काळ सवलत द्यावी लागली, कारण तिची जागा घेणारी व्यवस्था उभी नव्हती. उपचार घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ आहे का, यापेक्षा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा.

पुण्यात या विषयाचा वारसा जुना आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक येरवड्याला आहे. ससून रुग्णालयाच्या आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रामुळे व्यसनमुक्तीनंतरचा पाठपुरावा हेही उपचाराचे मोठे अंग आहे, हे इथल्या दोन पिढ्यांनी पाहिले.

पोस्टिंगची सुरुवात केस हिस्टरीने होते. तक्रार काय, कधीपासून, घरात आधी कोणाला असा त्रास होता का, झोप, भूक, नोकरी, लग्न, आणि मरणाचे विचार. शेवटचा प्रश्न विचारायला नवखा विद्यार्थी कचरतो. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, हे त्याला आधी शिकवावे लागते. मग मानसिक स्थितीची तपासणी, गरजेप्रमाणे चाचण्या, आणि त्यानंतर उपचाराची आखणी. चाचण्यांत बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी अजून दिसते, व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली होती. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बुद्ध्यंक लागतो, त्यामुळे रांग मोठी असते आणि विद्यार्थ्याचे दिवसच्या दिवस चाचण्यांत जातात. लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, भरते, पण एकाच रुग्णासोबत पंधरा-वीस सेशन टिकून राहण्याचा अनुभव त्यातून मिळत नाही, आणि या प्रशिक्षणाचा गाभा तर तोच आहे.

खरी परीक्षा भाषेची. पुस्तके इंग्रजीत, सुपरव्हिजन (देखरेख करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाशी चर्चा) अर्धे इंग्रजीत, आणि समोर सोलापूरकडून किंवा नगरकडून आलेली बाई सांगते, “कशातच जीव रमत नाही, छातीवर दगड ठेवल्यावानी होतं.” कोणी म्हणते डोक्यात मुंग्या येतात, कोणी करणी झाली म्हणते. हे ऐकून लगेच ‘डिप्रेशन’ लिहून मोकळे होणारा विद्यार्थी बाईला गमावतो. दगड कधी जड होतो, कोण घरात असताना हलका होतो, हे तिच्याच शब्दांत विचारले तर ती पुढच्या आठवड्यात येण्याची शक्यता वाढते. बहुतेकदा सोबत नवरा किंवा सासू असते आणि उत्तरे तेच देतात. त्यांना न दुखावता “थोडा वेळ बाहेर बसता का?” असे म्हणता येणे हेही कौशल्यच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो पाळण्याची सुरुवात या एका वाक्यापासून होते.

सुपरव्हिजनमध्ये विद्यार्थी सेशनचा तपशील आठवून मांडतो किंवा रुग्णाच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण ऐकवतो. चांगला सुपरव्हायजर रुग्णाइतकेच विद्यार्थ्याबद्दलही विचारतो: राग कुठे आला, घड्याळाकडे कधी पाहिले, सल्ला द्यायची घाई का झाली. आठवड्याला ठरलेला वेळ राखून ठेवला नाही तर हे संभाषण जिन्यात, दोन रुग्णांच्या मध्ये उरकले जाते.

पोस्टिंग संपते, उपचार मात्र संपलेला नसतो. हे रुग्णाला शेवटच्या दिवशी सांगायचे नसते. तीन-चार भेटी आधी सांगायचे असते. शक्य असेल तिथे एक भेट जुना आणि नवा विद्यार्थी मिळून घेतात, आणि आतापर्यंत काय झाले ते नव्याला रुग्णालाच सांगू देतात.