बागकाम यंत्रांच्या इंजिनांचे विमान-प्रतिकृतींसाठी रूपांतर

गवत कापणारे ब्रश कटर, साखळी करवत, पालापाचोळा उडवणारे ब्लोअर आणि पाठीवरचे फवारणी पंप यांतील लहान पेट्रोल इंजिने सुटी करून, त्यांत मोजके फेरफार करून ती रेडिओ-नियंत्रित विमान-प्रतिकृतींवर बसवण्याची ही प्रथा आहे. हौशी मंडळींच्या बोलण्यात तिला नुसते ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. ही इंजिने बहुतेक एका सिलिंडरची, दोन-धावी, हवेने थंड होणारी आणि साधारण २० ते ६० सीसी धारणेची असतात. रूपांतराच्या कामात जोडण्यापेक्षा काढून टाकण्याचाच भाग मोठा असतो. क्लच, दांडा, पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे आवरण, दोरी ओढून सुरू करायची चकती, हवेच्या गाळणीचा डबा, जड सायलेन्सर हे सारे निघाल्यावर जे उरते ते विमानाचे इंजिन होण्यास जवळजवळ तयारच असते. जवळजवळ म्हणण्याचे कारण पुढे येईल.

विमान-प्रतिकृतींना ठिणगीचे पेट्रोल इंजिन नवे नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राऊन यांनी १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात तयार केलेले सुमारे १० सीसीचे ‘ब्राऊन ज्युनिअर’ हे ठिणगीवरच चालत असे. मात्र त्यासाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी यांचे ओझे विमानाला वाहावे लागे. १९४७ च्या सुमारास रे आर्डन यांनी तापलेल्या तारेचा ग्लो प्लग बाजारात आणला आणि ते ओझे एकदम उतरले. त्यानंतर सुमारे तीस वर्षे मिथेनॉल, एरंडेल तेल आणि थोडे नायट्रोमीथेन यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या ग्लो इंजिनांचेच राज्य होते. विमाने मोठी होऊ लागली तशी या महागड्या इंधनाची तहान परवडेनाशी झाली. दरम्यान ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना गाडी धुण्याच्या यंत्रातील फिरते ब्रश पाहून नायलॉनच्या दोरीने गवत कापण्याची कल्पना १९७१ मध्ये सुचली होती, आणि त्यातून निघालेल्या यंत्रांनी अमेरिकेतील घरोघरच्या गॅरेजांत लहान दोन-धावी इंजिनांची रेलचेल झाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात साखळी करवतीच्या धाटणीचे क्वाड्रा इंजिन मोठ्या प्रतिकृतींवर दिसू लागले. १९८० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लघुविमान संघटनेने एकपंखी विमानासाठी किमान ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंमी, पंखविस्ताराची अट घालून ‘जायंट स्केल’ हा वर्ग रूढ केला, आणि या वर्गाला रूपांतरित इंजिन नेमके साजले. होमलाइट, रायोबी, मॅककुलक, एको ही बागेच्या दुकानातील नावे विमानवाल्यांच्या तोंडी बसली. जपानच्या कोमात्सु झेनोआ कंपनीची जी-२३, जी-३८ आणि जी-६२ ही इंजिने तर मूळच्या बागकामाच्या घडणीतूनच विमानासाठी विकली जात.

बागेतले इंजिन आकाशात चालते याचे श्रेय मुख्यतः त्याच्या कार्बोरेटरला आहे. मोटारसायकलच्या कार्बोरेटरात तरंगणारा फ्लोट असतो आणि तो आडवा-उलटा झाला की इंधनाची पातळी बिघडते. करवत मात्र झाड तोडताना कोणत्याही कोनात धरावी लागते, म्हणून तिच्यासाठी लवचीक पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅमचा कार्बोरेटर विकसित झाला. यात दोन पडदे असतात. एक पडदा क्रँककेसमधील, म्हणजे दट्ट्याच्या (पिस्टनच्या) खालच्या बंद पेटीतील, दाबाच्या चढउताराने फडफडतो आणि टाकीतून इंधन ओढणाऱ्या पंपाचे काम करतो. दुसरा हवेच्या दाबाशी तोल साधून जेवढे लागेल तेवढेच इंधन आत सोडतो. कोलांटी घेणाऱ्या विमानाला यापेक्षा अधिक काय हवे? शिवाय पंप असल्यामुळे टाकी इंजिनाला चिकटून ठेवण्याचे बंधन राहत नाही. ती विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ ठेवता येते आणि इंधन संपत आले तरी विमानाचा तोल सरकत नाही. ग्लो इंजिनाच्या साध्या मांडणीत ही सोय नसते.

इंजिन निवडताना पहिला प्रश्न क्रँकचा, म्हणजे दट्ट्याची खालीवर हालचाल फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्याचा, येतो. स्वस्त ब्रश कटरांत बहुधा अर्धा क्रँक असतो. त्याला एकाच बाजूने आधार असल्याने पंखा, म्हणजे प्रोपेलर, त्याच बाजूला बसवावा लागतो, पण मागची बाजू सपाट मोकळी राहून इंजिन विमानाच्या पुढच्या लाकडी भिंतीवर, म्हणजे फायरवॉलवर, सहज आवळता येते. पूर्ण क्रँकला दोन्ही बाजूंनी बेअरिंग असतात. तो अधिक टिकाऊ, पण वजनाने थोडा जास्त. भारतात ब्रश कटरवर सर्रास आढळणाऱ्या चिनी घडणीच्या इंजिनांवर ‘१ई४०एफ’ यासारखा शिक्का असतो. त्यातला १ म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे दोन-धावी, ४० म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास आणि एफ म्हणजे हवेने थंड होणारे. दट्ट्याची धाव ३४ मिमी धरली तर धारणा ४२.७ सीसी भरते. दुकानदार तिला ४३ सीसी म्हणतात. हाच शिक्का वाचता आला की भंगारात पडलेल्या इंजिनाचेही माप कळते, आणि सुटे भाग शोधणे सोपे जाते.

क्लच काढल्यावर तेथे पंख्यासाठी ॲल्युमिनियमचा हब बसवावा लागतो, आणि सगळ्या कामात लेथशिवाय न होणारा भाग तो हाच. क्रँकच्या टोकाला उतार, म्हणजे टेपर असतो. हबचे भोक त्याच उताराने कातले गेले नाही तर हब तिरका बसतो, पंख्याची दोन टोके वेगवेगळ्या प्रतलांत फिरतात आणि इंजिन विमानाला हादरवून टाकते. पंख्याला भोके पाडण्यासाठीही हबवरूनच नमुना करून घ्यावा, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नये. २५ सीसीच्या इंजिनाला साधारण १६×८ ते १८×६ इंचांचा (पहिला आकडा व्यासाचा, दुसरा एका फेऱ्यात पुढे सरकण्याच्या अंतराचा) लाकडी पंखा चालतो. १८ इंची पंखा मिनिटाला ७,५०० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ६४५ किमी होतो. हब आणि पंखा यांच्या बाबतीत काटकसर न करण्याचे कारण या एका आकड्यात आहे. लाकूड दाबले जाते आणि हवामानाप्रमाणे आक्रसते, त्यामुळे बोल्ट पहिल्या उड्डाणानंतर आणि पुढेही वारंवार तपासावे लागतात. फिरण्याची दिशाही आधी पाहून घ्यावी. विमानाच्या नाकासमोर उभे राहिल्यास नेहमीचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. इंजिन दुसऱ्या दिशेने फिरत असेल तर मागून ढकलणाऱ्या विमानांसाठी बनवलेला पुशर पंखा पुढे लावणे हा सर्वांत सरळ मार्ग होय.

ठिणगीच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एक पंथ मूळचा मॅग्नेटो ठेवतो. फ्लायव्हीलमध्ये बसवलेले चुंबक कॉइलसमोरून जाताना ठिणगी पडते, बॅटरी लागत नाही आणि बिघडण्यासारखेही फारसे काही नसते. फ्लायव्हील व कॉइल यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास ठेवायचे असते, आणि त्यासाठी मध्ये जाडसर व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळण्याची युक्ती सगळेच मिस्त्री वापरतात. फ्लायव्हीलवरची पाती मूळ यंत्रात इंजिनावर हवा फेकण्यासाठी असतात. विमानात ते काम पंखा करतो, म्हणून ती लेथवर उतरवून वजन घटवतात. मात्र चुंबकाच्या समोरच्या बाजूस तोल राखण्यासाठी ठेवलेला जाड भाग कातला गेला तर तोल बिघडतो, आणि चुंबकाभोवतीची धातू फार पातळ केली तर फ्लायव्हील वेगात फुटण्याचा धोका असतो. दुसरा पंथ फ्लायव्हील पूर्णपणे काढून हबमध्ये लहान चुंबक बसवतो आणि चुंबक समोर आल्याचे ओळखणाऱ्या हॉल संवेदकावर चालणारी इलेक्ट्रॉनिक ठिणगी लावतो. यात बॅटरीचे वजन वाढते, पण फ्लायव्हीलचे त्याहून अधिक कमी होते. शिवाय सुरुवातीच्या मंद वेगात ठिणगी उशिरा आणि पूर्ण वेगात दट्ट्या माथ्यावर येण्याच्या सुमारे २८ अंश आधी पडत असल्यामुळे हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू करणे सुकर होते. मॅग्नेटोचे इंजिन उलटा झटका देऊन बोटे फोडू शकते. हाताने सुरू करणाऱ्यांनी दुसरा पंथ धरावा हे बरे.

ठिणगीमुळे रेडिओत खरखर येते. ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झच्या जुन्या संचांवर तिने विमाने पाडली आहेत, २.४ गिगाहर्ट्झच्या संचांवर हा त्रास पुष्कळ कमी झाला, तरी रोधक असलेला प्लग, ठिणगीचे भाग आणि रेडिओचा ग्राहक (रिसीव्हर) यांच्यात फूटभर अंतर, तसेच थ्रॉटलसाठी धातूच्या तारेऐवजी प्लॅस्टिकची काडी हे नियम आजही पाळले जातात. ठिणगी बंद करण्याची कळ विमानाच्या बाहेर, पंख्यापासून दूर असावी, आणि जमिनीवरून रेडिओनेही ठिणगी तोडता येईल अशी सोय असावी; केवळ थ्रॉटल मिटल्याने पेट्रोल इंजिन बंद पडेलच असे नाही.

नवशिक्यांची फजिती मात्र बहुधा एका कागदी गॅस्केटपायी होते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये उष्णता अडवणारा ठोकळा असतो, त्यातून एक बारीक भोक क्रँककेसकडे जाते आणि त्यातूनच पंपाच्या पडद्याला स्पंदन मिळते. गॅस्केट उलटे बसले की ते भोक बुजते, इंजिन एक-दोन उचक्या देऊन बंद पडते, आणि माणूस दिवसभर इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या कार्बोरेटरच्या सुया फिरवत राहतो.

इंधनाच्या नळीचाही असाच घोळ होतो. ग्लो इंजिनासाठी वापरली जाणारी सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडते, म्हणून पेट्रोलला टिकणारी टायगॉनसारखी नळी आणि टाकीचे बूचही त्याच जातीचे घ्यावे लागते. तेलाचे प्रमाण ४० भाग पेट्रोलला १ भाग, म्हणजे लिटरला २५ मिलि. असे पुष्कळ जण ठेवतात. भारतात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील पाणी ओढून घेते, आणि जुन्या कार्बोरेटरांचे पडदे त्याने कडक होतात, म्हणून उड्डाणे आटोपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवणे येथे अधिक गरजेचे ठरते.

सेकंदाला सव्वाशे वेळा खालीवर होणारा एकच दट्ट्या विमानाला सतत हादरे देत असतो. फायरवॉल चांगल्या बर्च प्लायची, किमान ६ मिमी जाडीची आणि कडेने त्रिकोणी पट्ट्यांनी बांधलेली असावी; प्रत्येक स्क्रूला आटे पकडणारा द्रव लावावा. सगळे सुटे काढल्यावरही २५ सीसीचे इंजिन दीड किलोच्या आसपास भरते, त्यामुळे ते ५ ते ७ किलोच्या विमानालाच शोभते. ताकदीच्या दृष्टीने ते त्याहून बऱ्याच लहान, १५ ते २० सीसीच्या ग्लो इंजिनाच्या तोडीचे असते. होंडाच्या जीएक्स-२५ सारखी चार-धावी इंजिने कोणत्याही कोनात चालतात आणि त्यांचा आवाजही मंद, पण २५ सीसीला तीन किलोच्या जवळपास वजन पडत असल्याने ती संथ, जुन्या धाटणीच्या विमानांपुरती राहिली. विमानाच्या झाकणात बसवलेले इंजिन थंड राहण्यासाठी हवा बाहेर जाण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी ठेवतात.

भारतात ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार मनोरंजन, शिक्षण किंवा संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे २५ किलोपर्यंतचे रिमोट विमान प्रतिकृतीच्या वर्गात येते आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्राची गरज नसते. हवाई क्षेत्राचे निर्बंध मात्र लागू राहतात.

पैसे वाचवणे हे या प्रथेचे मूळ कारण आता फारसे उरलेले नाही. डीएलई यांसारख्या चिनी कंपन्यांची खास विमानासाठी घडवलेली, वजनाने हलकी, इलेक्ट्रॉनिक ठिणगीसह येणारी इंजिने मिळू लागल्यावर लेथचा खर्च आणि स्वतःचे श्रम धरता रूपांतर क्वचितच स्वस्त पडते. नव्या बागयंत्रांची इंजिनेही या कामाला पूर्वीइतकी सोपी नाहीत. धूर कमी करण्यासाठी त्यांत दोन मार्गांचे कार्बोरेटर, उत्प्रेरक बसवलेले सायलेन्सर आणि ठरावीक मर्यादेपलीकडे न फिरणाऱ्या सुया आल्या. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून अशा बहुतेक लहान इंजिनांच्या नव्या उत्पादनावर उत्सर्जनाची अट इतकी कडक झाली की बागयंत्रे बॅटरीकडे वळत आहेत. महाराष्ट्रात उलट चित्र आहे. कोकणातील आंबा-काजूच्या बागांत आणि भातखाचरांच्या बांधांवर ब्रश कटर वाढले आहेत. त्यांचे पिस्टन, रिंगा, कार्बोरेटर आणि कॉइल तालुक्याच्या शेती-अवजारांच्या दुकानात सुटे मिळतात, आणि गावातला दुरुस्ती करणारा मिस्त्री ही इंजिने डोळे मिटून खोलतो. हब कातून देणारा लेथवाला तेवढा शोधावा लागतो.